बोहारणीचा जिना आणि शेजारचा लेफ्ट बॅक

त्या माणसाने हाक मारली नाही, याचा राग माझ्या मनात अजून आहे. एका शब्दाचं काम होतं. दार उघडून, पार्किंगमधून चाललेल्या पोराला "थांब जरा" म्हणायचं होतं. तेवढं त्याच्याने झालं नाही. पाच वर्षं झाली. त्या गावात ऑर्डर पोचवायला जायचं असलं की मी स्टेडियमकडचा रस्ता सोडून लांबून जाते. डिझेल जळतं, जळू दे. नवरा म्हणतो, "राग त्याच्यावर आहे की स्वतःवर, ते एकदा ठरव." मी ठरवलेलं नाही.

आम्ही नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला राहतो. नवरा कॉम्प्युटरच्या चिपा बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. मी त्याच्या व्हिसाला चिकटून आले. कागदावर माझी ओळख 'सोबत आलेली व्यक्ती' एवढीच होती. पहिलं वर्ष खिडकीत बसून लोकांच्या सायकली बघण्यात गेलं. मग त्याच्या कंपनीतल्या चार एकट्या पोरांना डबे द्यायला लागले. चाराचे चाळीस झाले. मग खेमेन्ते, म्हणजे इथली नगरपालिका, तिथे वर्षभर खेटे घालून शनिवारच्या बाजारात वड्यांची गाडी लावायची परवानगी मिळवली. मला कोणी हात धरून काही शिकवलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून.

घासाघीस मात्र आईने शिकवली. चिंचवडला आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण महिन्यातून एकदा यायची. दोन पँटी, एक विरलेली साडी आणि वडिलांचा स्वेटर यांच्या बदल्यात आईला झाकणाचा डबा हवा असायचा. बोहारीण चहाची गाळणी पुढे करायची. तासभर दारात बसून दोघी भांडायच्या. शेवटी बोहारीण "नाही परवडत ताई" म्हणून पाटी डोक्यावर घ्यायची आणि जिना उतरायला लागायची. मी कासावीस व्हायचे. "आई, गेली ती!" आई दाराला टेकून म्हणायची, "गप. दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊ दे." आणि खरंच, दुसऱ्या मजल्यावर चपलांचा आवाज थांबायचा. खालून हाक यायची, "ताई, अजून एक शर्ट टाका आणि डबा घ्या!" कधी तिने हाक मारली, कधी आईने. पण माझ्या सगळ्या लहानपणात बोहारीण पूर्ण खाली उतरून निघून गेली, असं एकदाही झालं नाही.

शेजारच्या घरात तो पोरगा आला तेव्हा आमची ओळखही भांडणानेच झाली. शनिवारी पहाटे गाडीत पातेली चढवायला गेले, तर माझ्या दाराशी कुणीतरी आडवी मोटार लावलेली. थंडी अशी की नाक गळून पडेल. मी शेजारची बेल दाबूनच धरली. दार उघडलं ते एका उंच, सावळ्या, कुरळ्या केसांच्या मुलाने. अंगात दोन स्वेटर आणि पायात रबरी स्लिपर. मी मराठीतच सुरुवात केली, कारण राग आला की मला दुसरी भाषा येत नाही. तो त्याच्या भाषेत उत्तर द्यायला लागला. दोन-तीन मिनिटं आम्ही असे एकमेकांना खडसावत होतो. मग तो एकदम हसायला लागला, मोटार हलवली आणि न विचारता माझं सगळ्यात मोठं पातेलं उचलून गाडीत ठेवलं. मी म्हटलं, "चेंडूसारखं फेकू नकोस." कळलं नसणार, पण पुढचं पातेलं हळू ठेवलं.

तो फुटबॉल खेळतो, हे नंतर कळलं. क्लब अर्ध्या तासावरच्या गावातला; कधी वरच्या लीगमध्ये चढणारा, कधी खाली उतरणारा. त्यांनी हे घर भाड्याने घेऊन त्याला दिलं होतं. तो ब्राझीलच्या ईशान्येकडच्या, समुद्राकाठच्या एका लहान गावातला. मला 'तिया' म्हणायला लागला. त्यांच्याकडे मावशी-आत्यांना असंच म्हणतात. आमच्यात बोलणं चालायचं ते त्याच्या तुटक इंग्रजीत, माझ्या तुटक डचमध्ये आणि दोघांच्या हातवाऱ्यांत.

एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी त्याच्याकडे नेऊन दिली. त्याने एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला.

"तिया, हे आमचं आहे."

"काय आमचं? हे आमचं उपासाचं खाणं आहे."

"हे मांडिओकाचं. जमिनीखालचा कंद. माझी आजी रोज सकाळी याची भाकरी करते."

"आजी करत असेल. पण खिचडी आमची."

त्याने फोनवर कंदाचा फोटो दाखवला, साबुदाणा कसा करतात ते दाखवलं. मी वाचलं आणि फोन परत दिला. शेवटी तोड निघाली: कंद त्यांचा, खिचडी आमची, दाण्याचं कूट माझं एकटीचं. त्यानंतर दर एकादशीला तो दारात वाटी घेऊन हजर. एकादशी कधी आहे हे माझ्या मुलीला माहीत नसायचं, त्याला असायचं.

त्याची कहाणी मी खिचडीबरोबर तुकड्यातुकड्याने ऐकली. सोळाव्या वर्षी गावाजवळच्या क्लबात. एकोणिसाव्या वर्षी पोर्तुगालच्या दुसऱ्या लीगमध्ये. तिथून एका बेटावरच्या क्लबाला उसना दिला, तिथून परत, मग दुसरीकडे उसना. खेळाडू उसना देतात हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये इडलीपात्र फिरायचं तसं." इडलीपात्र काय असतं ते समजावून दिल्यावर तो म्हणाला, "हो. आणि परत येतं तेव्हा एक चकती हरवलेली असते." त्याची चकती म्हणजे गुडघा होता. त्या बेटावर दुखावला होता.

एकदा मी त्याचा सामना बघायला गेले. माझं बालपण क्रिकेटमध्ये गेलेलं, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो लेफ्ट बॅक. म्हणजे डाव्या कडेने जीव तोडून पुढे पळायचं, कोणी चेंडू देईल म्हणून हात वर करायचा, निम्म्या वेळा कोणी देत नाही, की तितक्याच जोरात मागे पळत यायचं, कारण मागची जागा उघडी राहिलेली असते. गोल झाला की लोक दुसऱ्याच्या अंगावर पडतात. मी मनात म्हटलं, याचं काम तर घरातल्या बाईसारखं आहे. घरी येऊन मी त्याला विचारलं, "तुला कोणी चेंडू का देत नाही? मागून घेत जा." तो म्हणाला, "तिया, मी पळालो म्हणून दुसऱ्याला जागा मिळते." मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही.

दुसऱ्या वर्षी त्याची बायको आली. बारीक, मोठ्या डोळ्यांची, कमी बोलणारी. चार वर्षांत तिने पाच घरं बदलली होती. हॉलमध्ये नऊ खोकी एकावर एक रचलेली होती, त्यातल्या ती रोजच्या लागणाऱ्या दोन कढया काढून वापरायची. मी म्हटलं, "अगं, उघड की बाकीची." ती म्हणाली, "करार झाला की उघडेन." जूनमध्ये त्याचा करार संपत होता आणि सप्टेंबरमध्ये बाळ येणार होतं. बाळ इथेच, याच घरात व्हावं, अशी तिची फार इच्छा होती. इथली सुईण घरी येते, हे तिला आवडलं होतं.

पाळणा घ्यायला ती दोघं मला घेऊन एका तुर्की फर्निचरवाल्याकडे गेली. मी पाळण्याचे चारही पाय हलवून बघितले, एक लंगडा निघाला, तोंड वाकडं केलं आणि दोघांना हाताला धरून बाहेर निघाले. दारातून बाहेर चार पावलं गेलो नाही तोच दुकानदार मागून ओरडला, "मॅडम! मॅडम!" पाळणा आला, वर गादी आली. तो माझ्याकडे जादूगाराकडे बघावं तसा बघत राहिला. परतताना मोटारीत मी त्याला आईची, बोहारणीची आणि जिन्याची गोष्ट सांगितली. नसती सांगितली तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये क्लबाचं पत्र आलं. तो ते घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला. एक वर्षाचा करार. त्यापुढचं वर्ष ठेवायचं की नाही ते क्लब ठरवणार. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उत्तर हवं. लिस्बनला बसलेला त्याचा एजंट फोनवर "सही कर, सही कर" म्हणून ओरडत होता. पण त्या पोराला स्वतःला तीन वर्षं हवी होती. मुलाला चालता येईपर्यंत एका घरात राहायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"तिया, तू काय केलं असतंस?"

मी पत्र दोनदा वाचलं. "पुढचं वर्ष ते ठरवणार, मग तू काय ठरवणार? हा त्यांचा पहिला भाव आहे. जा, नीट बस, आभार मान. तीन वर्षं म्हण. नाही म्हणाले तर तूही नाही म्हण, ऊठ, हात मिळव आणि चालू लाग. मागे वळून बघायचं नाही."

"आणि हाक आली नाही तर?"

"येते."

नवरा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. तो म्हणाला, "अगं, हे डच लोक आहेत. ते जे लिहितात तेच त्यांना म्हणायचं असतं. शुक्रवार बारा म्हणजे शुक्रवार बारा."

"तू गप्प बस. तू आयुष्यात कधी फुकट कोथिंबीर तरी मिळवली आहेस का?"

तो गप्प बसला. माझ्या संसारात तो गप्प बसला नसता तर बरं झालं असतं असे प्रसंग मोजके आहेत. हा त्यातला एक.

गुरुवारी सकाळी तो क्लबात गेला. मी बटाटे उकडत होते, पण कान दाराकडे. साडेअकराला तो मागच्या दाराने आत आला.

"केलंस?"

"केलं."

"मागे वळून बघितलंस?"

"नाही."

"तिथला साहेब काय म्हणाला?"

"हात मिळवला. शुभेच्छा म्हणाला."

'शुभेच्छा' ऐकून मी बटाट्यांखालचा गॅस बारीक केला. बोहारणीने आईला कधी शुभेच्छा दिल्या नव्हत्या. तरी मी विचारलं, "किती मजले उतरलास?"

"तिया," तो म्हणाला, "ऑफिस तळमजल्यावर आहे."

आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसलो.

शुक्रवारी बारा वाजले. त्याचा फोन माझ्या ओट्यावर, कणकेच्या डब्याशेजारी ठेवलेला होता. वाजला तो एजंटचाच. शनिवारी मी बाजारात वडे तळले, एक घाणा करपवला. मंगळवारी क्लबाने डेन्मार्कहून नवा लेफ्ट बॅक घेतल्याचा फोटो आला: गळ्यात क्लबाचा मफलर, सोनेरी केस, दोन्ही अंगठे वर.

मी अॅप्रन न काढता गाडी काढली आणि क्लबात गेले. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, खेळाडू घेणारा जो कोणी साहेब आहे त्याला बोलव, नाहीतर मी आत येते. तो स्वतःच बाहेर आला. पन्नाशीचा, उंच, स्वच्छ दाढी. माझा आवाज चढलेला होता. त्याने तो चढू दिला. मला ऑफिसात बसवलं, कॉफी दिली, बशीत एकच बिस्कीट. मी डच, इंग्रजी आणि मराठी एकत्र करून त्याला विचारलं, की एवढ्या चांगल्या पोराला असं जाऊ कसं दिलंत? एक फोन करायला काय झालं होतं?

तो म्हणाला, "पण मॅडम, तो नाही म्हणाला. आम्ही त्याच्या नाहीचा मान ठेवला."

मी कॉफीचा कप हातात धरून बसले. माझ्या उभ्या आयुष्यात कुणी कुणाच्या नाहीचा असा मान ठेवलेला मी पाहिला नव्हता. नाही म्हणजे बोलणं सुरू झालं. आमच्याकडे लहान मूलसुद्धा एवढं जाणतं.

मग त्याने शांतपणे समजावलं. युरोपबाहेरच्या खेळाडूला कायद्याने ठरलेल्या रकमेच्या वरच पगार द्यावा लागतो. तशी एकच जागा त्यांच्याकडे होती, आणि ती त्यांनी या मुलासाठी राखली होती. त्याचा गुडघा बघता तीन वर्षं देणं त्यांना शक्यच नव्हतं. एक वर्ष हाच त्यांचा पहिला भाव होता आणि तोच शेवटचा. हे ऐकताना माझे कान तापले. असाच पगाराचा नियम माझ्या नवऱ्याच्या परवान्याला होता. तो कागद मी स्वतः फाईलला लावला होता. मला हे कळायला हवं होतं. आणखी एक गोष्ट परत येताना गाडीत कळली. या देशात मला ज्यांनी ज्यांनी मागून हाक मारली होती, तो तुर्की फर्निचरवाला, मोरोक्कोचा भाजीवाला, सुरिनामची मासेवाली, ती सगळी माझ्यासारखीच कुठून तरी आलेली माणसं होती. ती आपापल्या आईचा जिना सोबत घेऊन आली होती. या साहेबाच्या आईच्या दारात बोहारीण कधी आलीच नव्हती, त्यात त्याचा काय दोष? हे सगळं मला समजतं. तरी एक फोन करायचा होता त्याने.

मी सरळ शेजारी गेले. तो मागच्या अंगणात एकटाच चेंडू भिंतीवर मारत बसला होता. मी म्हटलं, "माझं चुकलं." त्याने चेंडू पायाखाली थांबवला.

"तिया, पत्र माझ्या नावाने होतं."

"बायकोला काय सांगितलंस?"

"क्लबाने करार दिला नाही, असं."

"मी सांगते तिला खरं."

"नको," तो म्हणाला. "या रस्त्यावर तिला तू एकटीच आहेस."

आणि मी, जी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, ते ऐकलं. मला ते सोयीचं होतं, हेही खरं.

जुलैमध्ये ती दोघं सायप्रसला गेली. खोकी उघडलेलीच नव्हती, त्यामुळे आवरायला दोन तास पुरले. जाताना तिने मला मिठी मारली आणि आपली मांडिओकाची भाकरी भाजायची छोटी लोखंडी तवी दिली. मी ती घेतली. घेताना तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं. तिला वाटलं, निरोपाने.

त्यानंतर मी फुटबॉल बघायला शिकले. सायप्रसच्या लीगचे निकाल रात्री जेवल्यावर फोनवर बघायचे; नावं वाचता येत नसत, त्याचं तेवढं शोधायचे. त्यांना मुलगी झाली, फोटो आला. मग रुमानियातला एक क्लब. तिथे अर्धा हंगाम बाकावर बसून काढला. मग पुन्हा पोर्तुगाल, पुन्हा उसना. दर एकादशीला त्याचा मेसेज यायचा: वाटीचं चित्र, बाकी काही नाही. नवरा एकदा म्हणाला, "त्याच्या मनात काही नाही गं." मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणूनच तर."

गेल्या वसंतात, शनिवारी बाजारात, चीजवाल्याच्या गाडीआडून एक उंच माणूस आला. कुरळे केस कमी झालेले, पायात मात्र त्याच रबरी स्लिपर. मागे बायको, तिच्या हाताला धरून एक चार वर्षांची पोर. सीमेपलीकडे बेल्जियमच्या खालच्या लीगमधल्या एका क्लबाने त्याला घेतलं होतं. इथून तासाभराच्या आत. मी झारा हातात धरूनच उभी.

तो गाडीसमोर आला, चेहरा एकदम कोरा ठेवून म्हणाला, "वडे कसे?"

मला हसू येत होतं, पण मीही कोरा चेहरा ठेवला. "पाटी वाच. एका प्लेटीत चार वडे."

"पाच."

"चार."

"पाच, आणि हिरवी चटणी."

"चार. घ्यायचे तर घे, नाहीतर पुढे मासेवाला आहे."

"शुभेच्छा," तो म्हणाला, माझ्याशी हात मिळवला आणि चालायला लागला.

रांगेतली डच बाई आमच्याकडे बघत होती. तो चीजवाल्याच्या पुढे गेला. मी गप्प. मासेवाल्याच्या पुढे गेला. विकणाऱ्याने आधी हाक मारायची नसते, मारली की भाव गेला. हे मी गाडी लावली त्या दिवसापासून पाळलं आहे. तो फुलवाल्यापर्यंत पोचला. सपाट बाजारात दुसरा मजला कुठे येतो, ते मला ठरवता येईना. त्याने मागे वळून बघितलं नाही. मीच तसं शिकवलं होतं.

"अरे ए! ये इकडे! घे पाच!" मी अशी ओरडले, की बाजारभर माना वळल्या.

तो तिथेच वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. त्याच्या बायकोने विचारलं, "काय झालं? काय एवढं हसायला?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काही नाही, जुनी गंमत." म्हणजे पाच वर्षांत त्याने सांगितलं नव्हतं.

मी गॅस बंद केला. रांगेतल्या बाईला म्हटलं, पाच मिनिटं थांबा. आणि गाडीच्या मागच्या बाजूला, रिकाम्या तेलाच्या डब्यांशेजारी, मी तिला सगळं सांगितलं: पत्र, शुक्रवार, बोहारीण, सगळं. एका रिकाम्या डब्यावर टेकून तिने ते ऐकलं. मग म्हणाली, "तिया, मला तेव्हाच माहीत होतं."

"त्याने सांगितलं?"

"नाही. हा नाही म्हणाला, ते एजंटच्या फोनवरून कळलं. पण हा आयुष्यात एकदाही स्वतःहून कुणाला नाही म्हणालेला नाही. मला वाटलंच, हे कुणीतरी शिकवलेलं आहे."

"मग तू मला तवी का दिलीस?"

तिने खांदे उडवले. "खोक्यात जागा नव्हती."

ती हे खरं बोलली की मला सोडवायला बोलली, हे मी अजून ताडू शकलेले नाही, आणि समोरच्याचा चेहरा वाचण्यावर माझं पोट आहे. मग ती गाडीच्या पुढच्या बाजूला गेली, प्लेटीतले वडे बोटाने मोजले आणि म्हणाली, "पाच त्याचे. माझ्या मुलीचा सहावा कुठे आहे?"

मी नाही म्हटलं. ती मुलीला घेऊन वळली, आणि तिने पहिलं पाऊल टाकायच्या आत मी सहावा वडा कागदात गुंडाळला होता.